चावऱ्यांना प्रवेश नाही

अण्णा चावले. दुधात भिजवलेल्या पावाचा चमचा मुलाच्या एका हातात होता. म्हाताऱ्याच्या हनुवटीवर ओघळलेलं दूध टिपायला त्याने दुसरा हात पुढे केला, आणि त्याच्या ऐंशी वर्षांच्या बापाने मान जराशी वळवून अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताला थोडं मांस असतं तिथे, दात रोवले. ओरडणं नाही, झटापट नाही. शांतपणे रोवले आणि धरून ठेवले, नजर त्याच्याच नजरेत. आधी त्याला नवल वाटलं, दुखलं नंतर. नवल दातांचं. या वयात माणसं उरलेले दोन-चार दात जिवापाड जपतात, इथे वरची खालची अख्खी फळी शाबूत, आणि पकड म्हणाल तर सुताराची. मग कळ थेट कोपरापर्यंत गेली आणि "आई गं" असं त्याच्या तोंडून निघालं. हात ओढावा तर मांस फाटणार, थोबाडीत द्यावी तर बाप. तो तसाच वाकून उभा राहिला, चमचा हातात, चमच्यातलं दूध बापाच्या मांडीवर. बायको स्वयंपाकघरातून आली. तिने अण्णांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, सोडा बघू." अण्णांनी लगेच सोडलं. उरलेला पाव त्यांनी तिच्या हातून निमूट खाल्ला, वर समाधानाचा ढेकरही दिला.

"पुन्हा विचारत होतास ना?" जखम धुताना बायकोने विचारलं.

"काय?"

"रोज विचारतोस तेच."

तिने औषध लावलं, पट्टी बांधली, जरा आवळूनच बांधली. "आज चारला वृद्धाश्रमात घेऊन जायचंय त्यांना," ती म्हणाली. "मेट्रन पट्टी बघणार आणि विचारणार. चिचुंद्री चावली म्हणून सांग. तुमच्या प्रयोगशाळेत चावतातच की." त्याला वाटलं, बायका किती सहज खोटं रचतात. मग वाटलं, खोटं तरी कसलं, त्याला गेल्या वर्षी खरंच चिचुंद्री चावली होती. नुसती तारीख बदलायची. वृद्धाश्रमातली खाट मिळायला त्यांनी कितीतरी महिने वाट पाहिली होती. अण्णांपाशी दिवसभर बसणारी बाई काम सोडून निघाली होती, बायकोच्या नोकरीच्या वेळा बदलल्या होत्या, आणि तिकडे कुणीतरी एकदाचं मेलं होतं. मेट्रनने पहिल्या भेटीतच बजावलं होतं, "रडणारे चालतात आम्हाला. शिव्या देणारे चालतात, कपडे काढून फिरणारेही चालतात. चावरे नाही चालत. माझ्या दोन मुली त्यापायी नोकरी सोडून गेल्या." तेव्हा तो ऐटीत म्हणाला होता, "छे हो, आमचे अण्णा तोंडाने जे काय बोलतील तेवढंच."

बसमध्ये खिडकीपाशी बसून तो पट्टीकडे बघत राहिला. हात आत ठणकत होता, नाडी अंगठ्यात येऊन बसली होती. आमचे अण्णा तोंडाने जे काय बोलतील तेवढंच. तेवढंच! उभ्या आयुष्यात अण्णांनी त्याच्यावर हात उगारला नव्हता. लोक म्हणायचे, किती शांत बाप, नाहीतर आमचा. अण्णा कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा साचा धाडायचे आणि अण्णा आपल्या चिंचोळ्या दुकानात मागच्या बाजूला बसून त्यावरून गुलाबी हिरड्या घडवायचे, त्यांत एकेक दात बसवायचे. समोर फळीवर पांढऱ्या मातीचे जबडे ओळीने मांडलेले असायचे, आणि गिऱ्हाईक आलं की अण्णा त्यांतला एक उचलून त्याच्यासमोर धरायचे, "हे बघा, हे तुम्ही. काय दशा करून घेतलीत तोंडाची!" गिऱ्हाईक ओशाळं हसायचं, तेही तोंडावर हात ठेवून. अण्णा आपले बत्तीसच्या बत्तीस दाखवत म्हणायचे, "दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. आमच्याकडे दोन्ही आहेत." बोलण्याची ढबच अशी की समोरच्याला आपण कापले गेलो हे घरी पोचल्यावर कळावं. लहानपणी झोपेत त्याची उशी ओली व्हायची, पुष्कळ मुलांची होते, पण अण्णांनी त्याचं नाव लाळ्या ठेवलं. दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, "हा आमचा लाळ्या. याला कवळीची गरज पडायची नाही, हा नुसता विरघळवून खाईल." शाळेत नाव पोचलं, गल्लीत पोचलं, लग्नात सासऱ्याच्या कानावर गेलं. आणि पुढे कर्मधर्मसंयोगाने तो लाळेवरच संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत लागला, तेव्हा तो पेढे न घेताच घरी गेला होता, कारण काय ऐकायला मिळणार ते त्याला ठाऊक होतं. "वा लाळ्या," अण्णा म्हणाले होते, "शेवटी अंगचा गुण कामी आला म्हणायचा."

प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या तो ओळखीचा उग्र वास आला. नवीन माणसाला या वासाने मळमळतं, त्याला तो घरच्यासारखा झाला होता. भिंतीलगत काचेच्या पेट्या, प्रत्येकीत भुसा आणि भुशात एक चिचुंद्री. जीव एवढासा, मुठीत मावेल, डोळे असून नसल्यासारखे, पण सतत चाललेलं ते लांब नाक आणि पोटात सतत पेटलेली भूक. काही तास खायला नाही मिळालं तर मरते बिचारी. म्हणून या जातीच्या चिचुंद्रीने एक युक्ती काढलीय. तिच्या लाळेत विष असतं. सापासारखा पोकळ दात तिला नाही, ती नुसती चावते आणि चावत राहते, जखमेत लाळ मुरवते. अळी मरत नाही. अळी लुळी पडते. अशा लुळ्या अळ्या चिचुंद्री आपल्या बिळात रचून ठेवते आणि लागेल तशी एकेक खाते, ताजी, जिवंत. त्याचं काम त्या लाळेतले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे विषारी तुकडे, वेगळे काढायचे. तो चिचुंद्रीला लाळ सुटायचं इंजेक्शन द्यायचा, केसाएवढ्या काचेच्या नळीने तोंडाच्या कोपऱ्यातून थेंब ओढायचा, मग तो थेंब पिठातल्या अळीला टोचून बघत बसायचा. अळी आधी वळवळायची, मग नुसतं टोक हलायचं, मग तेही नाही. पण भिंगाखाली धरली की पाठीवरची नस चालू दिसायची. बाहेरून मेलेली, आतून सगळं ठाकठीक. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्याला दुसरंतिसरं काही आठवलं नाही, आई आठवली.

आईचे दात त्याच्या जन्मानंतर लवकरच गेले. कवळी अण्णांनीच केली, स्वतःच्या हाताने, आणि खोटं कशाला बोला, सुंदर केली. नातेवाईक म्हणायचे, खऱ्यापेक्षा बरी दिसते. घरात भांडण कधी व्हायचंच नाही. आई एखादा शब्द उलट बोलायची, साधाच, भाजीच्या पैशाचा नाहीतर माहेरी जाण्याचा, आणि अण्णा आवाज न चढवता तळहात पुढे करायचे. "काढ." आई काढून द्यायची. अण्णा ती रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवायचे आणि दुकानात जायचे. मग दिवसभर आई गालफडं बसलेल्या तोंडाने घरात वावरायची, कुणी दार वाजवलं तर आतल्या खोलीत जाऊन बसायची. पाणी हवं, दूध उतू जातंय, हे सगळं ती हाताने सांगायची, बोलली तर शब्दांचा लगदा बाहेर पडायचा आणि तो तिला स्वतःलाच ऐकवत नसे. एकदा त्याने दुकानात जाऊन विचारलं, अण्णा, आईची कवळी द्या, घरी मावशी आलीय. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. अण्णा अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "कवळी माझ्याकडे कशी असेल, राजा? आईलाच धाड. म्हणावं, तोंड उघडून मागून जा." आई गेली तेव्हाही तिच्या तोंडात ती नव्हती. ती कुठे आहे हे अण्णांनाच माहीत असणार, आणि अण्णांना आता काहीच माहीत नव्हतं. हेच त्याला सहन होत नव्हतं. माणूस सगळं करून सवरून विसरून गेला होता, अगदी धुतल्या तांदळासारखा होऊन बसला होता, आणि आठवणींचं गाठोडं सगळं याच्या एकट्याच्या डोक्यावर.

"हाताला काय?" मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, पांढरे आखूड केस, चष्मा कपाळावर, आणि विषाखेरीज जगातल्या कशाचंही कौतुक नसलेली बाई.

"चिचुंद्री चावली," तो म्हणाला. चारला बोलायचंच आहे, म्हटलं आधी जिभेला वळण लागू दे.

त्याची चूक झाली. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत लोकांनी च्यक् च्यक् केलं असतं आणि सोडून दिलं असतं. इथे मॅडमच्या डोळ्यांत दिवाळी उजळली. "कुठली? कोणत्या पेटीतली? दुखतंय?"

"हो."

"छान! ठणकतंय की जळजळतंय? बोटं बधिर? सूज कुठवर?" त्यांनी त्याला खिडकीपाशी नेऊन बसवलं, पट्टी सोडायला घेतली. तो म्हणाला, राहू द्या, मामुली आहे. मामुली काय, मॅडम म्हणाल्या, अळ्यांवर प्रयोग करून आयुष्य गेलं, आयतं माणूस मिळालंय. गाठ दातांनी सोडवावी तशी घाई करून त्यांनी पट्टी उलगडली आणि चष्मा खाली ओढून वाकल्या. तळहाताच्या मांसावर दोन कमानी उमटल्या होत्या, समोरासमोर, प्रत्येक दाताची खूण वेगळी, निळसर लाल. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"ही चिचुंद्री चांगली साठ किलोची दिसते," त्या म्हणाल्या.

त्याने हात मागे ओढून बघितला.

"घरातली?"

"वडील."

"डोकं फिरलंय?"

"विसरतात."

मॅडमनी मान हलवली, पण हात काही सोडला नाही. त्यांनी कापसाची काडी घेतली आणि विचारलं, "नमुना घेऊ? माणसाच्या लाळेचे नमुने आहेत आपल्याकडे, पण ते सगळे भांड्यात थुंकलेले. चावलेला एक नाही." तो हो म्हणाला की नाही हे त्याचं त्यालाच नंतर आठवेना. काडी जखमेवरून फिरली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मॅडम आपल्या तंद्रीत बोलत होत्या, हे बोलणं त्याने शंभरदा ऐकलं होतं, नव्या लोकांना त्या पहिल्याच दिवशी ऐकवायच्या. चिचुंद्रीचं जे विष आहे ना, त्याचं सख्खं भावंड आपल्या लाळेत आहे. एकाच घराण्यातली प्रथिनं. आपलं भावंड गरीब निघालं, ते नुसतं पचनाला आणि जखमेला हातभार लावत बसलं. पण ग्रंथी तीच, अवजारं तीच. विष व्हायला फार काही लागत नाही, थोडी गरज लागते आणि पुष्कळ वेळ. "माणसाला विष का नाही, सांग?" मॅडम नेहमीप्रमाणे विचारत्या झाल्या, आणि नेहमीप्रमाणे उत्तरही त्यांनीच दिलं, "कारण त्याला बोलता यायला लागलं." नवे लोक यावर हसायचे. तोही हसायचा, इतकी वर्षं. आज तो हसला नाही आणि मॅडमच्या ते लक्षातही आलं नाही, त्या काडीवर चिठ्ठी चिकटवत होत्या.

दुपारी तो अळ्यांसमोर बसला, पण हात चालेना. सकाळचं ते पुन्हा पुन्हा येत होतं, आणि येताना पूर्ण येत होतं, बायकोला सांगितलं नाही तेवढ्यासकट. रोज सकाळी चमचा भरायचा, अण्णांच्या ओठांपासून दोन बोटांवर धरायचा आणि विचारायचं, "मी कोण? सांगा, मग घास." सुरुवातीला ही डॉक्टरने सांगितलेली कसरत होती, स्मरणशक्तीला चालना की काय ती. डॉक्टरने घास अडवायला सांगितलं नव्हतं. ती भर त्याची. अण्णा तोंड उघडायचे, चमचा मागे जायचा. अण्णा मान पुढे काढायचे, चमचा आणखी मागे. "आधी सांगा. मी कोण?" अण्णांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून फिरायची, कपाळ, नाक, हनुवटी, आणि रिकामी परत चमच्यावर यायची. कधी ते म्हणायचे डॉक्टर, कधी म्हणायचे मालक. एकदा म्हणाले, "तुम्ही चांगले आहात हो, द्या ना," आणि त्या दिवशी त्याने चमचा तसाच वाटीत ठेवला आणि उठून गेला. त्याला काय हवं होतं? मुलगा म्हणावं, नावाने हाक मारावी, एवढी मोठी अपेक्षा त्याने कधीच केली नव्हती. लाळ्या म्हणाले असते तरी चाललं असतं. लाळ्या म्हणाले असते तर त्याने त्या क्षणी विचारलं असतं, आईची कवळी कुठे ठेवलीत? आणि मग बघितलं असतं त्या तोंडाकडे. पण ज्याला आठवतच नाही त्याच्यावर डूख धरून करायचं काय? सापसुद्धा मेलेल्या माणसाला चावत नाही म्हणतात. आज सकाळी चमचा नेहमीपेक्षा जास्त वेळ हवेत राहिला होता. दूध गळत होतं. अण्णांचे ओठ थरथरत होते. आणि तो म्हणत होता, "सांग की रे. सांग. मी कोण?" बापाला अरे-तुरे केलं होतं त्याने, आयुष्यात पहिल्यांदा. चावले नसते तर नवल. त्याने कामाचे तास संपायच्या आधीच कोट चढवला आणि बाहेर पडला.

अण्णांना बायकोने तयार करून ठेवलं होतं. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, भांग. टॅक्सीत ते शहाण्या मुलासारखे बसले, बाहेरची दुकानं बघत. बायको सोबत येऊ शकली नाही, तिची वेळ झाली होती. निघताना तिने फक्त त्याच्याकडे बघून पट्टीकडे बोट दाखवलं आणि ओठांनी, आवाज न काढता, चिचुंद्री म्हणाली.

वृद्धाश्रमाची इमारत स्वच्छ होती, फिनेलने पुसलेली फरशी, खिडक्यांना पडदे, एका खोलीत रेडिओ हळू लावलेला. मेट्रन जाडजूड, प्रसन्न बाई. तिने अण्णांना खुर्ची दिली, गोळी दिली चघळायला, कसं वाटतंय काका, म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, "फार छान आहे हो दुकान तुमचं." मेट्रन हसली. लाघवी आहेत, म्हणाली. खाट खिडकीपाशी आहे, शेजारी एक निवृत्त मास्तर आहेत, तेही काही आठवत नसलेले, दोघांचं जमेल. सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिचं लक्ष पट्टीकडे गेलं.

"हे काय लागलं?"

शब्द तयार होता, जिभेच्या टोकावर. नुसता सोडायचा. मॅडमनी ओळखलं तरी मेट्रन ओळखणार नव्हती, ती पट्टी सोडायला थोडीच येणार. अण्णांना संध्याकाळी खिडकीपाशी खाट मिळाली असती, मऊ जेवण, मास्तरांची सोबत. इथल्या मुली हळू भरवतात, मी कोण म्हणून कुणी विचारत नाही, कदाचित ते पुन्हा कुणाला चावलेही नसते. हे सगळं त्याला कळत होतं, अगदी लख्ख. त्याने अण्णांकडे बघितलं. अण्णा गोळी चघळत होते, गाल हलत होता, आणि मधूनच गोळीचा दातांवर आपटल्याचा आवाज येत होता, ठक्, ठक्, भरल्या जबड्याचा आवाज.

"यांनी चावलं," तो म्हणाला.

खरं बोलताना इतकं गोड त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मेट्रनचा चेहरा उतरला. कधी, किती वेळा, कशावरून, असं ती विचारत गेली आणि तो सांगत गेला, रक्त आलं, सोडत नव्हते, डोळ्यांत बघत होते. का चावले ते मात्र तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मेट्रन म्हणाली, "वाईट वाटतं हो, पण नियम म्हणजे नियम." मग जरा अडखळत तीच पुढे म्हणाली, "एक उपाय आहे. आवडत नाही लोकांना. आज आमचे दातांचे डॉक्टर आलेत, तपासणीचा दिवस आहे. वरचे पुढचे दात काढले की प्रश्न मिटतो. आणखी दोघांचे काढलेत आम्ही. नंतर कवळी करून घेता येते, पण ती आम्ही जेवणापुरतीच देतो आणि मग काढून डबीत ठेवतो." अण्णांची पद्धत, त्याच्या मनात आलं, आणि त्याला हसू फुटेल की काय अशी भीती वाटली. नाहीतर घेऊन जा परत, मेट्रन म्हणत होती, खाट मी दोन दिवस अडवून ठेवते, विचार करा घरी. त्याने विचार केला नाही. बायको विचार करायला लावेल हे त्याला माहीत होतं.

डॉक्टर कोवळा होता, नुकताच शिकून आलेला, बोलण्यात अजून पुस्तकाचा वास. त्याने अण्णांना खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला आणि तोंडात बघून चक्क शीळ घातली. "या वयात असे दात मी बघितले नाहीत," तो म्हणाला. "एक कीड नाही." मग मुलाला कोपऱ्यात घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मला विचाराल तर नका काढू. चावणारी माणसं उगाच चावत नाहीत. घाई झाली, भीती वाटली, काहीतरी असतं. औषध आहे, भरवायची रीत बदलता येते. मी मेट्रनशी बोलतो. चांगला दात काढणं म्हणजे..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. डॉक्टरचे कान लाल झाले होते.

"आमच्याकडे वेळ नाही," तो म्हणाला.

तोवर अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. समोरच्या ताटलीतली अवजारं त्यांनी पाहिली होती, आणि हात पुढे करून ते ती नीट लावत होते, लहानमोठी, एकेक, टोकं एका दिशेला. पाठ सरळ झाली होती, मान वर. त्या हातांना सगळं आठवत होतं. बसल्या बसल्या माणूस वीस वर्षांनी तरुण झाला. डॉक्टरकडे बघून त्यांनी व्यवहारी स्वरात विचारलं, "पेशंट कुठाय?" डॉक्टर म्हणाला, येतोय. मग अण्णांची नजर दाराशी उभ्या असलेल्या त्याच्यावर आली आणि थांबली.

"तुम्ही पेशंटचे कोण?" अण्णांनी विचारलं.

"मुलगा," तो म्हणाला.

"अस्सं. या ना, असे लांब का उभे?" अण्णांनी बोलावलं आणि तो गेला, पाय आपोआप गेले. अण्णांनी त्याचा हात धरला, पट्टीचाच. ते त्याच्याकडे अशा काही नजरेने बघत होते की तशी नजर त्या चेहऱ्यावर त्याने कधी पाहिली नव्हती, गिऱ्हाइकासाठी नाही, आईसाठी नाही, त्याच्यासाठी तर नाहीच. "घाबरलात होय?" अण्णा म्हणाले. "वडिलांचं म्हटल्यावर पोटात कालवतंच हो. चांगला मुलगा आहात म्हणून कालवतं. काही काळजी करायची नाही. मी आहे ना. तुमच्या वडिलांचा एक धड दात मी कुणाला काढू द्यायचो नाही." मग त्यांचं लक्ष हाताकडे गेलं. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, अलगद. "अरे अरे. हे कसं झालं? फार दुखतंय का, बाळा?"

सकाळपासून हे कुणी विचारलं नव्हतं. सकाळपासून कसलं, कधीच. त्याला रडू येईल असं वाटलं आणि रडू येईना. आतून काहीतरी वर येत होतं, घशापर्यंत आलं, तोंडात आलं, आणि तोंडात नुसती लाळ साचली, खारट, पुष्कळ. त्याने ती गिळली. हे आत्ता, त्याच्या मनात आलं, हे आत्ता देतोस? मी कोण हे ठाऊक नसताना? रस्त्यावरचा कुणीही या दाराशी उभा असता तर त्यालाही हेच मिळालं असतं. म्हणजे होतं तुझ्यापाशी. इतकी वर्षं होतं आणि खिशात घालून फिरलास.

डॉक्टर दोघांकडे बघत होता. त्याला वाटलं असणार, सुटलो. त्याने हातातलं इंजेक्शन खाली ठेवायला ताटली पुढे ओढली. "मग... राहू द्यायचं ना?" त्याने विचारलं.

अण्णांचा अंगठा अजून पट्टीवरून फिरत होता. ऊब जाणवत होती.

"काढा," तो म्हणाला. "खालचेही."

डॉक्टरने दिवा जवळ ओढला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "काका, आ करा." अण्णांनी आधी त्याच्याकडे, म्हणजे मुलाकडे, बघितलं. त्याने मान हलवली. तेव्हा अण्णांनी त्याचा हात न सोडता, विश्वासाने, मोठ्ठा आ केला.